समासाची सात कात्रणं

३ फेब्रुवारी

ताई,

वर नमस्कार-चमत्कार काही लिहिलेला नाही, शोधत बसू नकोस. अकरा वर्षांनी पत्र लिहितेय ते काही माया दाटून आली म्हणून नाही. तुझी सही हवी आहे. सोबत फॉर्म आहे. खालून तिसऱ्या ओळीवर मी पेन्सिलीने फुली मारलीय, तिथे सही कर आणि लगेच उलट टपालाने पाठव. अठ्ठावीस तारीख शेवटची. मी इथेच थांबले असते, पण तू पडलीस मास्तरीण. सगळं वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाहीस. म्हणून पुढचं.

तुझी लेक माझ्या दुकानात येते. दचकलीस ना? दोन वर्षं झाली. विद्यापीठाच्या फाटकासमोर बाइंडिंगचं धड असं एकच दुकान आहे आणि त्यात मी कामाला आहे, मग पोरगी जाईल कुठे? पहिल्या दिवशी मला न्याहाळून म्हणाली, "तुम्ही माझ्या मावशी ना?" मी म्हटलं, "आईला विचार, ती सांगेल ते खरं." तर म्हणते, "आईला विचारलं की ती दूध उतू गेलं म्हणून आत जाते." तेव्हापासून ती मला अगं मावशी म्हणते आणि माझ्या डब्यातलं अर्धं खाते. नाक तुझं आहे, खाणं माझं.

आता तिच्या अभ्यासाचं. इंग्रजी वाङ्मयाच्या शेवटच्या वर्षाला एक पेपर आपल्या मर्जीने घेता येतो. चार-पाच पेपर वर्गात शिकवतात. नाटकाचा, कादंबरीचा, शाळेत इंग्रजी कसं शिकवावं त्याचा. आणि एक असतो स्वतंत्र अभ्यास. त्याला वर्ग नाही, नेमलेलं पुस्तक नाही. विषय आपण शोधायचा, एका पानात मांडायचा, कुणातरी सरांच्या गळी उतरवायचा, दर पंधरवड्याला त्यांना तोंड दाखवायचं आणि शेवटी सहा हजार शब्द लिहून, बांधून द्यायचे. मग तोंडी परीक्षा. मला विचारशील तर यात स्वतंत्र काही नाही. वर्गात निदान मागच्या बाकावर डुलकी काढता येते, इथे सर एकटीलाच समोर बसवतात. दरवर्षी साठ पोरं असतात, त्यातली तीन-चार हे घेतात, आणि सगळी शेवटी माझ्याकडे बांधायला येतात म्हणून मला माहीत आहे. एक तर फार हुशार असतात, नाहीतर सकाळी उठायचा कंटाळा असतो. तुझी लेक दोन्ही आहे.

तुला तिने सांगितलंय की शाळेत शिकवायचा पेपर घेतला. नाही घेतला.

तिचा विषय आहे पत्रं. मोठ्या लोकांची नाहीत, साध्या बायकांनी घरी लिहिलेली. आणि त्यातही एकच पत्र. माझं. तुला लिहिलेलं, आई दवाखान्यात होती तेव्हाचं, सात पानी. तुझ्या कपाटात शाळेच्या दाखल्यांच्या फाइलीत होतं, ते सुट्टीत आली तेव्हा तिने उचललं. हात उगारू नकोस, एकवीस वर्षांची घोडी आहे, तुझाच हात दुखेल.

ते पत्र ती इंग्रजीत करणार, त्यावर लिहिणार आणि मूळ पत्र मागे जोडणार. म्हणून जिने लिहिलं तिची आणि जिच्याकडे होतं तिची, दोघींची संमती लागते. माझी सही मी केली, थोडी तिरकी आलीय. तुझी नाही आली तर अभ्यास बाद, आणि पुढच्या वर्षी शिकवायच्या पेपराला बसावं लागेल. वर्ष गेलं. तेवढंच सांगायचं होतं.

पत्र कुठे आहे विचारशील. माझ्याकडे आहे. सुखरूप. जवळजवळ.

धाकटी

ता. क. मी काही विसरलेली नाही.

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. अकरा वर्षांनी उत्तर दिलंस, तेही माझ्याच फॉर्मवर, लाल शाईत. सहीच्या जागी सही नाही. तिथे लिहिलंयस, "मूळ पत्र आधी परत पाठव." आणि वर कोपऱ्यात, "स्वतंत्र अभ्यास म्हणजे अभ्यास टाळण्याची पळवाट." तुझ्या घरात निळं पेन नाही का गं?

पळवाट म्हणतेस म्हणून मी हातातली खळ धुतली आणि स्वतः तिच्या सरांना भेटायला गेले. पोरं त्यांना स्वल्पविराम म्हणतात, कारण ते दर तीन शब्दांवर थांबतात. पुढचा शब्द येईस्तोवर माणूस एक पुठ्ठा कापून येईल. खोलीत खुर्चीवर पुस्तकं, टेबलावर पुस्तकं, आणि सर मधे कुठेतरी. मी विचारलं, "सर, हिला शिकवणारंच कुणी नाही, मग नापास कोण करणार?"

"बाई," म्हणाले आणि थांबले. "यात विद्यार्थीच," थांबले, "स्वतःला शिकवतो."

"मग तुम्ही काय करता?"

यावर इतके थांबले की मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मी प्रश्न विचारतो."

"म्हणजे तिच्या आईचंच काम," मी म्हटलं. "त्याला पगार मिळतो हे तिला माहीत नाही."

हसले बिचारे. मग त्यांनी पोरीची टिपणं दाखवली. दर पंधरवड्याला एक, अशी सहा. प्रत्येकाच्या कडेला त्यांनी काही ना काही लिहिलेलं. पेन्सिलीने, ताई. खोडता येतं ते. मला इंग्रजी येत नाही, पण वीस वर्षं पोरांचे कागद हाताळून एक कळतं. घाईत लिहिलेल्या कागदाच्या कडा करकरीत असतात. हिच्या टिपणांचे कोपरे वळून मऊ झालेत. पळवाटेवर माणूस इतका चालत नाही.

आणि लाल शाईचा विषय तूच काढलास म्हणून सांगते, म्हणजे पुढे म्हणायला नको की धाकटी कारण न सांगता रुसली. आई गेल्यावर महिन्याने मी तुझ्याकडे आले होते, आईचा टेबलफॅन घेऊन. दोन गाड्या बदलून, पंखा मांडीवर. तू आत गेलीस पाणी आणायला. टेबलावर वह्यांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर माझं पत्र. आईच्या खाटेशी बसून मी तीन दिवस लिहिलेलं. कडेला लाल शाईत चार भागिले दहा, आणि खाली "विषय सोडून."

दहापैकी चार! चौथीत शाळा सुटली तेव्हासुद्धा मला पाच मिळाले होते.

पंखा ठेवला आणि निघाले. तुझं पाणी तिथेच राहिलं असेल.

मूळ पत्राचं म्हणशील तर एक लहानसा अपघात झालाय. कटिंग मशीनचं पातं जरा सरकलं आणि कडेचं थोडंसं गेलं. नखाएवढं. माझं अक्षर न् अक्षर शाबूत आहे. मशीन जुनं, कागद जुना, मालकाला मी कधीची सांगतेय की पात्याला धार लावा. पोरीला अजून सांगितलेलं नाही. तू सही करून टाक म्हणजे सगळं मार्गी लागेल.

धाकटी

१६ फेब्रुवारी

ताई,

पोस्टकार्ड मिळालं. "नखाएवढं म्हणजे किती? मोजून कळव."

मोजलं. सव्वा इंच.

बरं, ऐक आता. पातं सरकलं नाही. आमच्या मशीनचं पातं सरकत नाही, केसाइतकंही नाही, मालक त्याच्या जिवावर उड्या मारतात. मी कापलं.

झालं असं. पोरीने ते सात कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "मावशी, हे मागे शिवायचेत, जपून ठेव." तिला वाटलं मी खूश होईन. मी बघितलं तर वर तेच. दहापैकी चार. म्हणजे आता ते सरांना दिसणार, परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या माणसाला दिसणार, आणि मग विद्यापीठाच्या कपाटात जन्मभर राहणार की या बाईला तिच्या सख्ख्या बहिणीने नापास केलं. पुढची पानं मी उलटलीसुद्धा नाहीत. सात कागद एकावर एक ठेवले, ठोकून सारखे केले, समासाच्या रेघेवर पातं आणलं आणि दांडा ओढला. ताई, खोटं बोलत नाही, इतका सुबक काप माझ्या हातून वर्षभरात झाला नव्हता. सातही समास एका झटक्यात गेले खाली, कात्रणांच्या पोत्यात. पत्र कसं अंघोळ घातल्यासारखं दिसायला लागलं.

तो आनंद दोन आठवडे टिकला. परवा पोरगी आली, म्हणाली, "पत्र दे, सरांना दाखवायचंय." दिलं. तिने पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, मग सगळे एकदम पंख्यासारखे पसरले.

"मावशी, समास कुठे आहेत?"

"साफ केलं गं. तुझ्या आईने घाण करून ठेवली होती."

ती मटकन पुठ्ठ्यांवर बसली. नुकतीच खळ लावलेल्या. तिची ओढणी त्या पुठ्ठ्याला अजून आहे. मी म्हटलं, "तुला पत्रावर लिहायचंय ना? पत्र आहे की अख्खं!" तर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "माझा अभ्यास पत्रावर नाहीच आहे, मावशी. समासावर आहे."

एक बाई लिहिते आणि दुसरी कडेला उत्तर देते, पण पाठवत नाही. हा म्हणे तिचा विषय. दोघींचं भांडण एकाच कागदावर. सरांना तिने हेच पटवलं होतं, सहा टिपणं यावरच आहेत, आणि त्या चार गुणांवर तर दीड पान लिहून तयार आहे. मला कुणी सांगितलं होतं का? मला वाटलं पत्र म्हणजे पत्र. मी विचारलं, "झेरॉक्स नाही काढलीस?" तर म्हणाली, "तुझ्याकडे होतं ना, मला वाटलं याहून सुरक्षित जागा नाही." माझा निम्मा जन्म झेरॉक्स मशीनच्या शेजारी गेला, आणि भाचीने एक झेरॉक्स काढली नाही! वाचलेलं तिला आठवतंय, वहीत उतरवलेलंही आहे. पण सरांनी सांगितलं, "मूळ कागदावर," थांबले, "दिसल्याशिवाय," थांबले, "परीक्षक मानणार नाहीत." मूळ समास नाहीत तर अभ्यास नाही. तुझी सही आली तरी नाही.

म्हणजे तू अडवून धरलं होतंस, आणि मी तर कापूनच टाकलं. या बाबतीत आपण दोघी सख्ख्या आहोत.

पोरगी माझ्याशी बोलत नाही. रोज येते, डबा उघडते, खाते, पण बोलत नाही. तुझी सवय.

आता एकच आशा आहे. कात्रणांची पोती अजून मागच्या खोलीत आहेत. नऊ. सध्या सगळ्यांचे प्रबंध बांधायचे दिवस, कापाकापी जोरात. रद्दीवाला महिन्यातून एकदाच येतो, आता येत्या शनिवारी. त्याला मी आजच बजावून ठेवलंय की एका पोत्याला हात लावलास तर तुलाच बांधून, वर सोनेरी अक्षरात नाव घालून देईन. पट्ट्या मिळाल्याच तर मागून पातळ कागद लावून जिथल्या तिथे बसवते, हे काम मला येतं. सांधा दिसणार नाही असं म्हणत नाही. दिसेल. पण टिकेल.

तू अजून सही पाठवलेली नाहीस. पाठवू नकोस म्हटलं तर पाठवशील का?

धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

सहा मिळाल्या.

आधी शोधायचं ऐक. कात्रणं म्हणजे पांढरी शेवयांसारखी गुंतलेली असतात, एक ओढली की शंभर येतात. मागच्या खोलीत चादर अंथरली आणि पोतं उलटं केलं. पहिल्या पोत्यात काही नाही, दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्याला पोरगी न बोलता येऊन बसली. चौथ्याला स्वल्पविराम आले. मी म्हटलं, "सर, पॅन्ट खराब होईल." ते म्हणाले, "स्वतंत्र अभ्यासात," आणि थांबले, ते थेट खाली बसूनच म्हणाले, "मार्गदर्शकाला हेही येतं." सगळ्यात पहिली पट्टी त्यांनाच सापडली. हातात धरून उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आम्ही दोघी वाट बघतोय की आता काय बोलतात. शेवटी पोरगीच ओरडली, "सर, ती माझीये!" पाच दिवसांनी तोंड उघडलं तिने. नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुझ्या केसात पण एक आहे." होती. तिसऱ्या पानाची.

मग मी त्या ओळीने लावल्या आणि चष्मा लावून वाचल्या. पहिल्यांदा. अकरा वर्षं मला वाटत होतं की सातही पानांवर दहापैकी चारच असणार.

दुसऱ्या पानावर मी शेजारच्या खाटेवरच्या बाईचं आणि आईचं खिडकीवरून झालेलं भांडण लिहिलं होतं. तिथे तुझं, "खिडकीचं काय करायचंय? आई कशी आहे ते सांग." ताई, आई भांडत होती म्हणजे बरी होती. तेच तर सांगत होते! तुला नुसता ताप आणि नाडी कळते.

तिसऱ्यावर, "खोटं. टेबलफॅन मी आणला होता." तू आणला होतास, कबूल. दुरुस्त मी केला होता.

चौथ्या पानावर मी आईचं बोलणं उतरवलं होतं, की मोठीला बोलावू नका, ती आली की आधी मला ताठ बसायला लावेल. तिथे तू लिहिलंयस, "आई असं म्हणणार नाही." आणि त्याच्या खाली, वेगळ्या पेनाने, "म्हणेल."

पाचव्यावर मी नर्सला झापलं ते होतं. "नर्सशी असं बोलतात का?" आणि खाली, त्याच दुसऱ्या पेनाने, "बरं केलंस."

सहाव्यावर, "हे वाचून वर्गात हसू आलं. मुलं बघत होती."

वर्गात? पत्र वर्गात नेलं होतंस? शाई सगळीकडे सारखी नाही. पहिल्या पानाची गडद, पुढची फिकट, मधेच कुठे गुलाबी झालेली. म्हणजे तू ते पत्र एकदा तपासून ठेवून दिलं नव्हतंस. पुन्हा पुन्हा काढत होतीस. मी बघितलं ते पहिलंच पान, आणि तेवढ्यावर निकाल लावून गाडीत जाऊन बसले. आता याला कुणी किती गुण द्यायचे ते तू ठरव.

सहा पट्ट्या मी काल बसवल्या. चांगल्या बसल्या.

सातवी मात्र मिळत नाही. नऊच्या नऊ पोती झाली. परत पहिल्यापासून सुरू केली. मालक म्हणतात, बाई, सहा मिळाल्या, आता पुरे, गिऱ्हाइकं खोळंबलीत. त्यांना म्हटलं, "गिऱ्हाइकं जिवंत आहेत, उद्या येतील." रद्दीवाला येऊन दारातूनच परत गेला. आणि पोरीची गंमत बघ, ती शांत आहे. सातवीचं नाव काढलं की खिडकीतून बाहेर बघते. मी विचारलं, "तुझ्या वहीत आहे ना गं सगळं उतरवलेलं? सातव्या पानाला काय लिहिलं होतं?"

"मला माहीत आहे."

"मग सांग की!"

"नाही. ते आईला विचार."

"तुझ्या आईला मी अकरा वर्षांत काही विचारलेलं नाही."

"म्हणूनच विचार," म्हणाली, आणि माझ्या डब्यातला शेवटचा घास खाल्ला.

म्हणून विचारते. सातव्या पानावर तू काय लिहिलं होतंस? कितीही वाईट असेल तर असू दे. शेवटचं पान होतं, म्हणजे शेरा मोठा असणार, तुला शेवटी ठणकावून लिहायची खोड आहे. मी तो शोधतेच आहे. सापडला की जसाच्या तसा लावीन, कापणार नाही. शब्द देते.

नवा फॉर्म जोडलाय, माझी सही आणि फुली आहे त्यावर. अठ्ठावीसला सात दिवस आहेत.

धाकटी

२५ फेब्रुवारी

ताई,

सही मिळाली. ठरल्या जागी, सरळ, फुली नीट खोडून. आणि पत्र निळ्या शाईत. पोरीला दाखवलं, म्हणाली, "निळी? बघू!"

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लिहिलंस, "सातव्या पानावर मी काहीच लिहिलं नव्हतं. शेवटी तू विचारलं होतंस, कधी येतेस ते कळव. परीक्षा चालू होत्या. रजा मागायचं आज, उद्या करत राहिले. मग तार आली. त्या प्रश्नाचं उत्तर मला वेळेत आलं नाही आणि नंतर लिहिण्यात अर्थ नव्हता. दर वेळी पत्र काढायचे, सहाव्या पानापर्यंत यायचे. सातव्याला मुलं करतात तेच केलं. प्रश्न सोडून दिला."

म्हणजे मी आठवडाभर नऊ पोती कोऱ्या कागदांत एक कोरा कागद शोधत होते. हातातून शंभर वेळा गेला असेल. प्रत्येक वेळी बघितलं, लाल काही नाही, आणि टाकला.

मालकांनी विचारलं, "बाई, आज गप्प का? ताप आहे का?" मी म्हटलं, "खळ डोळ्यात गेली." खळ डोळ्यात गेली की काय होतं ते त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

तू पुढे लिहिलंस की पहिल्या पानावरचे चार तू नऊ करून द्यायला तयार आहेस, तेव्हा हातात पेन होतं, समोर पन्नास वह्या होत्या आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. नको. चारच राहू देत. पोरीने त्या चारवर दीड पान लिहिलंय, तू नऊ केलेस तर तिला ते सगळं बदलावं लागेल आणि अठ्ठावीस तेरवावर आलीय. शिवाय खिडकीचं भांडण मी खरंच लांबवलं होतं.

आज सकाळी बांधून झालं. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. अक्षरं मी स्वतः बसवली, कुठलं काय ते पोरगी बोट ठेवून दाखवत होती. सातव्या पानाचं मी तिला विचारलं, की तसंच उघडं ठेवू का? ती म्हणाली, "नाही, समास होता तर समास लाव. तो रिकामा होता हेच तर माझं शेवटचं प्रकरण आहे." मग जुन्या शाळकरी वहीचा तसाच पिवळट कागद शोधला, सव्वा इंचाची पट्टी कापली आणि लावली. ती मूळची नाही असं खाली पेन्सिलीने लिहूनही ठेवलं. सरांनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "उत्तम." एकाच शब्दात संपलं. पोरगी म्हणाली असं कधी होत नाही.

तोंडी परीक्षा नऊ मार्चला आहे, अकरा वाजता, सरांच्याच मजल्यावर. बाहेर बाक आहे, घरच्यांना बसता येतं. मी बसणार आहे. आतलं इंग्रजी मला कळणार नाही, पण पोरगी कुठे अडखळते ते कळेल. बाकावर दोघींना जागा आहे, मी बसून बघितलं. पाण्याची बाटली मी आणीन. या वेळी कुणीतरी ते प्यायलं पाहिजे.

सातव्या पानावरचा माझा प्रश्न तसाच आहे, कापलेला नाही. कधी येतेस ते कळव.

आणि यंदा उत्तर मी वर लिहूनच दिलंय. बघून लिहिलंस तरी चालेल.

धाकटी